टाकसाळीची वही आणि हातातलं नाणं

आधी एक कोडं घ्या. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात कार्सन सिटी नावाचं शहर आहे. तिथल्या टाकसाळीने १८८५ साली चांदीचे २,२८,००० डॉलर पाडले आणि १८८९ साली ३,५०,०००. नक्षी तीच, वजन तेच, चांदीचा कसही तोच. आज या दोन्ही वर्षांचं एकेक नाणं हवं आहे, तेही कोणाच्या खिशात न गेलेलं, कोरं करकरीत. कुठलं मिळवणं जास्त अवघड जाईल?

बहुतेक जण १८८५ म्हणतात. आकडा लहान, म्हणजे नाणं दुर्मिळ, असा सरळ हिशोब. उत्तर नेमकं उलटं आहे. १८८५ चं कोरं नाणं थोडे पैसे साठवून एखाद्या पगारदार माणसालाही घेता येतं. १८८९ चं तशाच अवस्थेतलं नाणं त्याच्या कितीतरी पट महाग आहे, आणि पैसे असले तरी ते सहज समोर येत नाही.

हे असं का, याचं उत्तर टाकसाळीच्या वहीत सापडत नाही. त्यासाठी १८८९ नंतरची जवळपास नव्वद वर्षं धुंडाळावी लागतात. त्या वाटेवर एक थांबा आपल्या मुंबईचाही आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांचा नाण्यांशी कधी संबंध येणार नाही हे मला माहीत आहे. कोणी गिरणी कामगारांवर काम करणार असेल, कोणी जुन्या नियतकालिकांवर, कोणी एखाद्या संस्थानाच्या दप्तरावर. तरीही संशोधनाची तयारी करताना हा विषय तासभर समोर ठेवावा असं मला वाटतं. 'किती निर्माण झालं' आणि 'किती उरलं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकी चांदीच्या डॉलरांमध्ये या दोहोंमधलं अंतर आकड्यांत मोजता येतं. आपल्या बहुतेक साधनांच्या बाबतीत ते मोजता येत नाही, आणि म्हणून आपण ते विसरून जातो.

थैलीत पडून राहिलेला डॉलर

अमेरिकेच्या टाकसाळीचा पाया १७९२ च्या कायद्याने घातला गेला. चांदीचे पहिले डॉलर १७९४ साली पडले, फक्त १,७५८. आपला कोड्यातला डॉलर मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी येतो. १८७३ च्या कायद्याने चांदीचा नेहमीचा डॉलर बंद झाला होता. तोवर पश्चिमेकडच्या खाणींतून भरपूर चांदी निघायला लागली होती आणि चांदीचा भाव उतरत होता. खाणमालकांना गिऱ्हाईक हवं होतं. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांना बाजारात जास्त पैसा खेळायला हवा होता. या दोघांच्या रेट्यातून १८७८ साली ब्लँड-ॲलिसन कायदा आला. सरकारने दर महिन्याला २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घ्यायची आणि तिचे डॉलर पाडायचे, असं त्यात ठरलं.

या डॉलरची नक्षी इंग्लंडहून आलेल्या जॉर्ज मॉर्गन यांनी कोरली, म्हणून संग्राहक त्याला मॉर्गन डॉलर म्हणतात. वजन ४१२.५ ग्रेन, म्हणजे २६.७३ ग्रॅम, आणि त्यात ९० टक्के चांदी. १८७८ ते १९०४ आणि मग पुन्हा १९२१ मध्ये तो पाडला गेला. फिलाडेल्फिया, सॅन फ्रान्सिस्को, न्यू ऑर्लीन्स आणि कार्सन सिटी या चार टाकसाळींत मुख्यतः हे काम झालं. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर खूण नसे. इतरांच्या नाण्यांवर मागच्या बाजूला एक-दोन बारीक अक्षरं असत: सॅन फ्रान्सिस्कोसाठी 'एस', न्यू ऑर्लीन्ससाठी 'ओ', कार्सन सिटीसाठी 'सीसी'. म्हणून नाण्याची ओळख '१८८९-सीसी' अशी वर्ष आणि खूण जोडून सांगतात.

आता गंमत बघा. एवढे डॉलर पाडले खरे, पण लोकांना ते नको होते. शंभर डॉलर जवळ बाळगायचे म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास ओझं. पश्चिमेकडच्या राज्यांत नाणी चालत, पण पूर्वेकडच्या शहरांत लोकांना कागद सोयीचा वाटे. कायद्यानेही वाट काढून दिली होती. चांदी तिजोरीत ठेवायची आणि तिच्या बदल्यात कागदी सिल्व्हर सर्टिफिकेट बाजारात फिरवायचं. त्यामुळे कोट्यवधी डॉलर टाकसाळीतून निघाले, हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत भरले गेले आणि थेट सरकारी तिजोऱ्यांत जाऊन पडले. पाडायचं होतं म्हणून पाडलं आणि ठेवायचं होतं म्हणून ठेवलं.

चांदी मुंबईच्या वाटेला लागली

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून ब्रिटनने धान्य, ताग, कातडी असा प्रचंड माल उचलला. मेसोपोटेमियात लढणाऱ्या फौजेचा खर्चही बराचसा रुपयांत भागवायचा होता. रुपयाची मागणी वाढत गेली आणि रुपया चांदीचा होता. बाहेरून चांदी मिळणं कठीण झालं, भाव चढले. सरकारने १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढली, १९१८ च्या सुरुवातीला अडीच रुपयांची. पण लोकांचा भरवसा खणखणीत बंद्या रुपयावर होता. १९१८ च्या वसंतात युरोपातल्या आघाडीवरून वाईट बातम्या येऊ लागल्या, तशी मुंबईत नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली. नोटेवर जे वचन छापलं होतं तेच लोक मागत होते. सरकारकडे चांदी संपली असती तर ते वचन मोडलं असतं, आणि ऐन युद्धात ते ब्रिटनला परवडणारं नव्हतं.

अमेरिकेच्या तिजोरीत चांदी पडून होती. २३ एप्रिल १९१८ रोजी तिथे पिटमन कायदा झाला. जास्तीत जास्त ३५ कोटी चांदीचे डॉलर आटवायची परवानगी त्याने दिली. प्रत्यक्षात आटवले गेले २७,०२,३२,७२२. त्यांपैकी २५,९१,२१,५५४ डॉलरची चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली गेली. उरलेल्या १,११,११,१६८ डॉलरची चांदी अमेरिकेच्याच लहान नाण्यांसाठी वापरली. १८७८ पासून पाडलेल्या डॉलरांपैकी जवळपास निम्मे एका कायद्याने नाहीसे झाले.

हिंदुस्थानासाठी आटवलेल्या डॉलरांचा हिशोब तुम्ही स्वतः करून पाहा. एका डॉलरमध्ये सुमारे ०.७७३४ ट्रॉय औंस शुद्ध चांदी, म्हणजे एकूण सुमारे २० कोटी औंस. रुपया १८० ग्रेनचा, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. म्हणजे तेवढ्या चांदीत ५८ कोटींच्या आसपास रुपये पडू शकत होते. घट-तूट मी यात धरलेली नाही. हे रुपये पाडायच्या जागा दोनच होत्या, मुंबईची टाकसाळ आणि कलकत्त्याची.

तुमच्या घरी आजीच्या डब्यात पंचम जॉर्जचा १९१८ किंवा १९१९ चा रुपया असेल, तर त्यातली चांदी एकदा कार्सन सिटीचा शिक्का घेऊन आली असणं अगदी शक्य आहे. पण ते सिद्ध करता येणार नाही. आटवलेल्या धातूत जुन्या ठशाची काही खूण उरत नाही.

आणि आपल्या विषयातली कळीची गोष्ट इथेच आहे. आटवलेल्या डॉलरांची संख्या शेवटच्या एककापर्यंत नोंदलेली आहे. पण त्यांत कुठल्या वर्षाचे किती आणि कुठल्या टाकसाळीचे किती, याची नोंद कोणी ठेवली नाही. कारकुनाने कामचुकारपणा केला असं समजू नका. सरकारच्या दृष्टीने प्रत्येक डॉलर म्हणजे ४१२.५ ग्रेन धातू होता. १८८५ आणि १८८९ असा भेद करायचं त्याला कारणच नव्हतं. नोंद करणाऱ्याला जो फरक महत्त्वाचा वाटत नाही तो दप्तरात उतरत नाही, मग दप्तर कितीही काटेकोर असो.

तिजोरी उघडली तेव्हा

वही गप्प असली की अंदाज बांधावे लागतात. न्यू ऑर्लीन्सच्या १९०३-ओ या नाण्याचं तसंच झालं. वहीत आकडा होता ४४,५०,०००. पण कोरी नाणी बाजारात जवळजवळ दिसतच नव्हती. तेव्हा जाणकारांनी निष्कर्ष काढला की बहुतेक सगळी १९१८ च्या भट्टीत गेली असणार. विसाव्या शतकाच्या मध्यावर हे नाणं मॉर्गन डॉलरांतलं एक मोठं रत्न मानलं जाई आणि त्याची किंमत हजार डॉलरच्या वर गेली होती.

१९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून नाताळच्या मागणीसाठी डॉलरच्या थैल्या बाहेर काढल्या गेल्या. त्यांत १९०३-ओ निघालं. एखाद-दुसरं नाही, थैल्याच्या थैल्या. साठ वर्षं ती नाणी तिजोरीत जशीच्या तशी पडून होती. किंमत कोसळून काही दहा डॉलरांवर आली. ज्यांनी साठवलेल्या पैशांतून एकेक नाणं घेतलं होतं त्यांच्या हातात तेच नाणं राहिलं. झीज नाही, खोट नाही, पण दुर्मिळपणा रात्रीत गेला.

त्या जाणकारांचा तर्क मूर्खपणाचा नव्हता. 'दिसत नाही, आणि मोठा विध्वंस झाल्याचं माहीत आहे, म्हणजे त्यात गेलं असणार' हा तर्क आपणही रोज करतो. अमुक कागदपत्रं आगीत गेली, अमुक बखर पेंढाऱ्यांच्या धामधुमीत गेली, असं लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. कधी कधी ते खरंही असतं. पण 'मिळाली नाही' आणि 'नष्ट झाली' ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि दुसऱ्या विधानाला स्वतंत्र पुरावा लागतो.

१९६२ नंतर लोक तिजोरीच्या खिडकीवर तुटून पडले. कागदी नोट द्यायची आणि चांदीचे डॉलर थैलीने न्यायचे. मार्च १९६४ मध्ये सरकारने हे देणं थांबवलं. तोवर तिजोरीत सुमारे ३० लाख डॉलर शिल्लक होते आणि त्यांतले बहुतेक कार्सन सिटीचे निघाले. जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याने ते १९७२ ते १९८० या काळात लोकांना विकले. विकण्याआधी मात्र त्यांची वर्षवार मोजणी झाली. १९१८ साली जो फरक कोणाला महत्त्वाचा वाटला नव्हता, तोच आता विक्रीचा भाव ठरवणार होता.

त्या मोजणीत आपल्या कोड्याचं उत्तर आहे. १८८५-सीसी: पाडलेल्या २,२८,००० पैकी १,४८,२८५ नाणी तिजोरीत सापडली, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश. १८८४-सीसी तर सुमारे ८५ टक्के तिथेच होतं. आणि १८८९-सीसी? पाडलेल्या ३,५०,००० पैकी तिजोरीत निघालं फक्त एक.

बाकीची गेली कुठे? काही बाजारात फिरून झिजली, काही आटवली गेली. पण आटवल्याची वर्षवार यादी नाही म्हटल्यावर हे प्रमाण कोणीच सांगू शकत नाही. आपल्याला माहीत आहे ते एवढंच, की पाडताना जास्त होतं ते उरताना कमी झालं.

वहीत आहे पण हातात नाही, हातात आहे पण…

हा विषय इथे संपला असता तर धडा सोपा होता: वहीवर विसंबू नका, वस्तू बघा. पण वस्तूही सरळ बोलत नाही. दोन उदाहरणं देतो.

पहिलं, फिलाडेल्फियाचं १८९५. टाकसाळीच्या नोंदीनुसार त्या वर्षी व्यवहारासाठी १२,००० डॉलर पडले. शिवाय ८८० प्रूफ नाणी होती. प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी चकाकी दिलेल्या साच्याने मुद्दाम काळजीपूर्वक पाडलेलं नाणं. त्या प्रूफांपैकी बरीच आज आहेत. पण १२,००० पैकी निर्विवाद म्हणावं असं एकही नाणं समोर आलेलं नाही. एक तर्क असा की ती पडली आणि सगळी आटवली गेली. दुसरा असा की पाडली गेली ती आधीच्या वर्षाच्या साच्याने, फक्त हिशोबात १८९५ मध्ये आली. इथे वही खोटी आहे असंही म्हणता येत नाही. हिशोबाचं वर्ष आणि नाण्यावरचं वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि वही पहिल्याबद्दल बोलते.

दुसरं उदाहरण याच धाग्याचं, पण फार प्रसिद्ध. १८०४ चा डॉलर. टाकसाळीच्या वहीत १८०४ या वर्षी १९,५७० डॉलर पाडल्याची नोंद आहे. जगात '१८०४' असं कोरलेले डॉलर अनेक दशकं १५ च माहीत होते. सरळ वाचलं तर वाटेल, एकोणीस हजारांतले पंधरा उरले. पण त्या १९,५७० पैकी एकावरही '१८०४' नव्हतं. त्या काळी साचा चालतोय तोवर वापरायची पद्धत होती आणि ते डॉलर आधीच्या वर्षाच्या साच्यांनी पडले.

मग हे पंधरा आले कुठून? १८३४ साली अमेरिकी सरकारला मस्कतचा सुलतान, सयामचा राजा अशा आशियातल्या राजांना भेट द्यायला नाण्यांचे संच हवे होते. चांदीचा डॉलर तीस वर्षं पाडलेलाच नव्हता. टाकसाळीच्या अधिकाऱ्यांनी जुनी वही पाहिली, शेवटचे डॉलर १८०४ चे दिसले, आणि त्यांनी '१८०४' असं वर्ष घालून नवे साचे केले, असं अभ्यासक मानतात. म्हणजे टाकसाळीनेच आपली वही चुकीची वाचली. त्या पहिल्या तुकडीतले आठ डॉलर आज आहेत. पुढे १८५८ च्या सुमारास आणि त्यानंतर संग्राहकांची हाव बघून टाकसाळीतच आणखी काही पाडले गेले. त्यांतलेही काही उरले आहेत.

हा उलगडा व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली. एरिक न्यूमन आणि केनेथ ब्रेसेट यांनी १९६२ साली या एका डॉलरवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचा आधार दुहेरी होता. एकीकडे राजनैतिक भेटींचा पत्रव्यवहार. दुसरीकडे खुद्द नाणं. त्याच्या कडेची आणि किनारीची घडण १८०४ च्या यंत्रांना जमणारी नव्हती, ती १८३० च्या दशकातल्या यंत्रांची होती. पुस्तक छपाईला जात असतानाच सयामच्या राजाला दिलेला म्हणून सांगितलेला संच त्याच्या मूळ पेटीसह समोर आला आणि मजकूर सुधारून घ्यावा लागला. कागद आणि वस्तू एकमेकांना तपासत गेले, तेव्हा कुठे गोष्ट जुळली.

१९९९ साली मस्कतच्या सुलतानाला दिलेलं म्हणून ओळखलं जाणारं नाणं ४१ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. २०२१ साली तेच ७६ लाख डॉलरच्या वर. '१८०४' हे वर्ष खोटं आहे हे घेणाऱ्याला पुरेपूर माहीत होतं. तो १८०४ विकत घेत नव्हता, १८३४ चा तो सगळा खटाटोप विकत घेत होता.

'उत्तम' म्हणजे काय?

आता दर्जाकडे वळू. नाण्याची अवस्था १ ते ७० या मापावर मोजतात. हे माप विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तांब्याच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी सुचवलं. कल्पना अशी होती की अगदी झिजलेल्या १ दर्जाच्या नाण्याच्या सत्तरपट किंमत ७० दर्जाच्या नाण्याला यावी. किमतीचं ते गणित लवकरच बिघडलं, पण आकडे राहिले. १९७७ साली अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने आपल्या दर्जा ठरवण्याच्या मार्गदर्शिकेत हे माप घेतलं. १९८६ पासून खासगी कंपन्या नाणं तपासून, आकडा देऊन, प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून द्यायला लागल्या. तांब्याच्या एका नाण्याच्या बाजारभावासाठी केलेलं माप आज चांदीच्या प्रत्येक डॉलरला लागू होतं. तुमच्या विषयात जे वर्गीकरण तुम्ही सहज वापरता ते मुळात कशासाठी केलं गेलं होतं, हे एकदा शोधून बघा.

६० आणि त्यावर म्हणजे वापरात न आलेलं नाणं. ६० ते ७० मधला फरक थैलीत एकमेकांवर आपटून पडलेल्या ओरखड्यांचा, ठसा किती नीट उमटला याचा आणि मूळ चमकेचा असतो. ही चमक साच्यातून धातू दाबून पसरताना पडलेल्या अतिसूक्ष्म रेषांची असते. नाणं प्रकाशात फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. घरची चांदीची भांडी आपण सणासुदीला घासून लख्ख करतो. नाण्याला तसं केलंत तर त्या रेषा जातात आणि किंमतही जाते. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला गंधकाचा काळसर-रंगीत थर जाणकार कौतुकाने सांभाळतात. साफसूफ केलेला पुरावा दिसायला छान असतो, पण त्याने बोलणं सोडलेलं असतं.

दर्जामुळे दुर्मिळपणाचा अर्थच बदलतो. १८८४-एस हे नाणं ३२ लाख पडलं. झिजलेलं हवं असेल तर आरामात मिळतं. कोरं हवं असेल तर मॉर्गन डॉलरांतल्या सगळ्यात अवघड नाण्यांपैकी ते एक आहे. फिलाडेल्फियाचं १९०१ तर ६९ लाखांवर पडलं आणि कोरं तेही फार विरळा. ही नाणी लोकांनी वापरली. ज्यांना कोणी हात लावला नाही, ती थैलीत टिकली.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबावं. संग्राहकाच्या मापावर जे नाणं सगळ्यात उत्तम, ते माणसांच्या व्यवहारात सगळ्यात कमी फिरलेलं असतं. दारूच्या गुत्त्यात, खाणीच्या पगारात, घोड्याच्या सौद्यात फिरलेलं नाणं झिजून १५ किंवा २० दर्जाला आलेलं असतं. लोक पैसा कसा वापरत होते हा तुमचा प्रश्न असेल, तर ६७ दर्जाचं नाणं त्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. अभिलेखागारातही हेच होतं. सुबक, पूर्ण, वाळवी न लागलेली फाइल कधी कधी म्हणूनच शिल्लक असते, की ती कोणी फारशी उघडलीच नव्हती. तुमच्या प्रश्नाला लागणारा कागद हाताळून फाटलेला असू शकतो.

एक इशारा आकड्यांबद्दलही. दर्जा देणाऱ्या कंपन्या कुठल्या नाण्याला कुठला आकडा किती वेळा दिला याची यादी प्रसिद्ध करतात. तिला आजच्या शिलकीची गणना समजू नका. वरचा आकडा मिळेल या आशेने लोक डबी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवतात, आणि यादीत एका नाण्याची तीन नाणी होतात. नोंदींची संख्या आणि वस्तूंची संख्या एक नसते.

प्रश्न कोणी विचारला?

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १८९३ पर्यंत अमेरिकी संग्राहक नाण्यावरच्या टाकसाळीच्या खुणेकडे लक्षच देत नसत. वर्ष असलं की झालं. त्या वर्षी ऑगस्टस हीटन यांनी शाखा-टाकसाळींच्या नाण्यांवर एक पुस्तिका काढली आणि खुणांनुसार का जमवावं याची कारणं मांडली. सवय पडायला पुढे काही दशकं गेली. त्याच १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोत फक्त १,००,००० डॉलर पडले. व्यवहारासाठी पाडलेल्या आणि आज प्रत्यक्षात मिळणाऱ्या मॉर्गन डॉलरांत हा सगळ्यात लहान आकडा. आज त्या नाण्यासाठी लोक जीव टाकतात. तेव्हा त्यांतली फारच थोडी कोणी मुद्दाम बाजूला ठेवली, कारण त्या बारीक 'एस'ला किंमत आहे हे ठाऊक असणारे मूठभर होते.

आता त्या खुणेला किंमत आहे म्हटल्यावर ती बनावटही होते. साध्या १८९३ च्या नाण्यावर 'एस' चिकटवतात. जाणकार मागची खूण बघण्याआधी पुढची बाजू बघतात. खरी १८९३-एस नाणी दर्शनी बाजूच्या एकाच साच्यातून निघाली आहेत. 'लिबर्टी' या शब्दातल्या 'टी'च्या माथ्यावर त्या साच्याची एक बारीक तिरकी रेघ उमटलेली असते. बनावट करणारा ग्राहक जिथे बघतो तिथे मेहनत घेतो. खरेपणा बहुधा जिथे कोणी बघत नाही तिथे सापडतो.

तेव्हा तुमच्या आराखड्यात 'साधनांचा आढावा' हे प्रकरण लिहाल, तेव्हा साधनांची नुसती यादी देऊ नका. प्रत्येक मोठ्या साधनाखाली चार ओळी लिहा. हे मुळात किती होतं आणि तो आकडा कशाचा आहे? मधल्या काळात ते कोणत्या भट्टीतून आणि कोणत्या तिजोरीतून गेलं? ज्याने नोंद ठेवली त्याला कुठला फरक महत्त्वाचा वाटत होता आणि कुठला नव्हता? आणि माझा प्रश्न आधी कोणी विचारलाच नव्हता, म्हणून कुठला पुरावा राखला गेला नसेल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा रिकामं राहील. ती ओळ खोडू नका, रिकामीच राहू द्या. आटवलेल्या सत्तावीस कोटी डॉलरांची वर्षवार यादी आता कधीच मिळणार नाही. पण ती यादी नाही, हे ज्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं त्यांच्यामुळे १८८९-सीसीबद्दल आपण आज निदान खरं तेवढंच बोलू शकतो. मार्गदर्शकांना आराखडा दाखवायला जाण्याआधी या चार ओळी लिहून बघा. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा याच चारांतला असेल.